फटफटीची खांदमळणी

भादव्याचं ऊन पडलं की माझ्या हातांना पेट्रोलचा वास येऊ लागतो. हातात तेव्हा खडू असेल, भाकरीचं पीठ असेल. वास येतो तो पेट्रोलचा, थोडा जळक्या तेलाचा, थोडा ओल्या वाळूचा. पाऊस दोनचार दिवस थांबलेला असतो. कापूस गुडघ्याच्या वर गेलेला असतो. डबक्यांत आभाळ उतरलेलं असतं आणि चतुर त्या आभाळावरून उडत असतात. अशा सकाळी मी अंगणात पोतं अंथरते, गाडी उभी करते आणि एकेक भाग सोडून पोत्यावर मांडत जाते. शेजारची मुलं गोळा होतात.

"टीचर, बंद पडली का?"

"नाही रे. बंद पडू नये म्हणून."

त्यांना ते पटत नाही. चालती वस्तू कोणी उघडून बसतं का?

मला ते एका पावसाळ्यानं पटवलं. नोकरीतला माझा पहिला पावसाळा. बेज्जूरच्या पुढं, प्राणहितेकडे उतरत जाणाऱ्या जंगलात एक वाडी आहे. वाडीतल्या लोकांचे सोयरे नदीपलीकडे महाराष्ट्रात, बोली दोन्ही काठांवर सारखीच. शाळा म्हणजे मराठीचा एक वर्ग, एक खोली आणि एक शिक्षक. मी भाड्याच्या खोलीत राहायचे ते गाव सडकेवर होतं. मधे साग, मोह, बांबू आणि एक नाला. माझ्या आधीचे मास्तर मृगाला आपल्या गावी जात ते दसऱ्याला उगवत. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे. नाल्याला पाणी आहे, मास्तर येईल कसा?

मी रुजू व्हायला मंडल कचेरीत गेले तेव्हा तिथले शिक्षणखात्याचे साहेब पंख्याखाली बसून मला म्हणाले, "टीचरम्मा, इस बारिश में भी क्लास बंद रही, तो दसरे के बाद क्लास नहीं रहती. बच्चे रोड वाले स्कूल में जाते. तेलुगू में."

सडकेवरची शाळा नाल्याच्या अलीकडे होती. ज्या नाल्यापुढं मोठी माणसं हात टेकत होती, तो सहा वर्षांच्या पोरांनी रोज ओलांडायचा, असा तो हिशेब. वर्ग मोडणारच आहे म्हणून त्या वर्षीची पुस्तकंसुद्धा आली नव्हती. मी कचेरीच्या पायऱ्या उतरले तेव्हा माझी कानशिलं तापली होती. नाला कधी शाळा बंद करत नाही. शाळा पंख्याखाली बंद होते. आजही हे लिहिताना माझा पेन कागदात रुततो.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. भैंसाजवळच्या आमच्या गावी बाबा एका जिनिंगमध्ये कारकून होते. चळवळीची सभा कुठंही असो, ते सायकल मारत जायचे आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन यायचे. वाटून उरलेली पत्रकं आई खळ लावून कुडाच्या भिंतीला चिकटवायची, म्हणजे हिवाळ्यात वारा आत येत नसे. त्या भिंतीवर मी अक्षरं शिकले. मला आलेला पहिला शब्द 'बंधूंनो' असावा आणि दुसरा 'जागे व्हा'. आमच्या घरानं देव सोडले त्याला एक पिढी उलटली होती. घरात नवस नव्हता, उपास नव्हता, दृष्ट नव्हती. मी गाडी पहिल्यांदा बाजारातून नेली तेव्हा किराणा दुकानदार लिंबू-मिरची घेऊन पुढं आला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "ही पेट्रोलवर चालते, मिरचीवर नाही."

तो बाकीच्यांकडे बघून हसला. "ताई, गाडीचं राहू द्या. तुमालेच लिंबू बांधा लागते."

गाडी मात्र बघण्यासारखी होती. जंगलात मोजणी करायला आलेली माणसं काम संपल्यावर ती मागे टाकून गेली होती आणि मी ती स्वस्तात घेतली होती. लहान, हलकी, पण पायांनी उंच. सडकेवर चालावी तशीच रानातही चालावी म्हणून घडवलेली. टायरांना मक्याच्या दाण्यांसारखे मोठे दाते होते. धूर सोडणारं नळकांडं बुडाशी न ठेवता वर वळवून सीटखालून काढलेलं, म्हणजे पाण्यात उतरली तरी तिचं नाक बुडू नये. तिच्यावर बसले की मला दोन्ही पाय टेकत नसत; एकच टेके, तोही चवड्यावर. पोरी फटफटी चालवत नसण्याचे ते दिवस. मी गावातून गेले की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं आणि मी पुढं गेले की दुप्पट मोठ्यानं सुरू व्हायचं.

रुजू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मी बेल्लमपल्लीला चुलत बहिणीकडे राहिले. खाणीच्या क्वार्टरांमागे एक गॅरेज होतं. तिथल्या उस्तादांपाशी मी रोज जाऊन बसायचे. कोळशाची भुकटी हवेत तरंगत असायची, दुपारचं ऊन त्यातून गाळून यायचं आणि सगळं गॅरेज जुन्या फोटोसारखं दिसायचं. उस्ताद बोलण्यात पटाईत. "अपने हाथ का इंजन बारिश में भी गाता, बेटी." त्यांचं अर्धं खरं असायचं आणि अर्धं थाप. पावसात इंजिनाला गारठा बाधतो म्हणून पेट्रोलमध्ये तेल जास्त घालावं, असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं. मी घातलं. गाडी दोन दिवस चुलीसारखी धुरावली आणि तिसऱ्या दिवशी मधेच गप्प झाली. प्लग काढून पाहिला तर काजळीनं माखलेला, दातवण लावल्यासारखा काळा. तेव्हापासून मी उस्तादांचं ऐकायचे आणि गाडीला विचारून खात्री करून घ्यायचे.

गाडीशी बोलायची माझी भाषा पत्रकाची होती, दुसरी मला येतच नव्हती. खोलीच्या दारामागे मी एक कागद डकवला होता. 'इंजिनाच्या तीन मागण्या: हवा, पेट्रोल, ठिणगी! एकही नाकारल्यास काम बंद!' गाडी रस्त्यात थांबली की मी मागण्या एकेक करून तपासायचे. आधी ठिणगी. प्लग काढायचा, टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळी टिकली उडाली तर तिथं तक्रार नाही. मग पेट्रोल. कार्बोरेटरच्या खालची वाटी सोडायची. नाल्यातून आल्यावर त्या वाटीत कधीकधी पाण्याचा एक थेंब सापडे. पेट्रोलच्या तळाशी तो वेगळाच राहायचा, गोल, काचेसारखा, वाटी कलली की इकडून तिकडे घरंगळणारा. मी तो झाडाखाली बसून किती वेळ बघत राहायचे. एवढासा थेंब अख्खी गाडी अडवतो. मग फुंकर मारून वाटी पुसायची. शेवटी हवा. फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये धुवायचा, पिळायचा, बाभळीच्या काट्याला वाळत घालायचा. त्या रानात माझा काळा स्पंज झाडावर लटकलेला पाहून एक खंड्या पक्षी फार गोंधळून जायचा.

प्लगमधली फट मी लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यानं मोजायचे. पातं अलगद सरकलं पाहिजे, सैल नको. साखळीला दोन बोटांएवढा झोल. क्लचच्या तारेत वरून तेलाचे थेंब सोडायचे आणि ते खालच्या टोकाला येईपर्यंत वाट बघायची. चाकाच्या तारांवर पान्यानं टिचकी मारत चाक फिरवायचं. सगळ्या तारा एका सुरात वाजत. एखादी ढिली असली की ती घोगऱ्या आवाजात बोलायची. संध्याकाळी अंगणात ते टिणटिण सुरू झालं की आबाजी खाटेवर उठून बसायचे.

आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे वडील. लग्न न झालेली पोर परगावी एकटी कशी राहील म्हणून घरच्यांनी त्यांना माझ्यासोबत पाठवलं होतं. जन्मभर ते एका पाटलाकडे सालदार होते. सालाच्या बोलीवर राबायचं, दुसऱ्याचं वावर, दुसऱ्याचे बैल. स्वतःच्या मालकीचं जनावर त्यांनी कधी बाळगलं नाही. अक्षर त्यांना येत नव्हतं. बाबांची पत्रकं ते फक्त डोक्यावर वाहून न्यायचे. माझी गाडी आली तशी ते तिच्याभोवती फिरून आले. टाकीवर हात ठेवला. दिवा निरखला.

"खाते काय इले?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोल."

"आन पाणी?"

"पाणी नको. पाणी गेलं की बंद पडते."

"मंग नाल्यातून कशी जाशीन तिले घेऊन?"

हा प्रश्न मंडल कचेरीत मला कुणीही विचारला नव्हता.

गाडीला ते 'ती' म्हणत. सकाळी मी किक मारायच्या आधी ते तिच्या पुढच्या चाकाशी उभे राहून काहीतरी पुटपुटत. मी कितीदा म्हटलं, बसा मागे, चक्कर मारून आणते. ते मान हलवायचे. "नाई व. आमी चालत्यातले. जनावरासंग चालाचं, त्याच्यावर बसाचं नाई."

तो अख्खा पावसाळा मला आता पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो, कडा विरघळलेल्या. हिरवा उजेड. सागाच्या पानांवरून टपटपणारं पाणी. चाकांनी उडवलेला लाल चिखल माझ्या पाठीवर वाळून पापडासारखा सुटायचा. नाल्यात वाडीच्या लोकांनी पाण्याखालून दगडांची एक अरुंद वाट बसवली होती, एका चाकापुरती. दोन्ही बाजूंना भुसभुशीत वाळू. उतारावरून सावकाश यायचं, ब्रेकवर गाडी तोलून चाक दगडांच्या ओळीत आणायचं आणि मग एका लयीत, न थांबता, पार. पाणी फार चढलं की मी गाडी काठावर ठेवून वाडीच्या लोकांनी बांधलेला दोर धरून जायचे. पण गेले रोज. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच धरून थोडं चालवायचं, म्हणजे आतलं पाणी उडून जातं. तेव्हा ब्रेक रडायचे. चूंऽऽ असा बारीक, लांबट आवाज. वाडीतली पोरं तो आवाज ऐकून शाळेकडे धावत सुटायची. घंटा नव्हती आमच्याकडे. तीच घंटा.

पोळा आला. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या भागात खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे लोणी-हळदीनं किंवा कोमट तेलानं चोळायचे, आणि उद्याच्या जेवणाचं त्यांना आमंत्रण द्यायचं. त्या संध्याकाळी मी खोलीत पोरांच्या पाट्या तपासत होते. अंगणात आबाजींचा आवाज येत होता. नेहमीचंच पुटपुटणं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

सकाळी पाहते तर गाडीच्या दोन्ही चाकांचे मधले गोल, जिथून तारा फुटतात ते, हळदीनं पिवळेजर्द. माझं डोकं फिरलं.

"आबाजी! हे काय? पूजा मांडली तुम्ही?"

मी फडकं ओलं केलं आणि खसाखसा पुसून काढलं सगळं. पुसताना मोठ्यानं बोलतही होते, भिंतीवरची सगळी पत्रकं माझ्या तोंडून बोलत होती. आबाजी खाटेवर बसून समोरच्या घरचे सजवलेले बैल बघत राहिले.

त्याच दिवशी निरोप आला की उद्या साहेब वर्ग पाहायला येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. रानातली वाट सपाट. वेग कमी करायला मूठ सैल सोडली की पुरे. एकदा ब्रेक लावला तेव्हा तो मऊ वाटला. दव असेल म्हटलं. मग नाल्याचा उतार आला आणि काठावर उभी असलेली जीप दिसली. जीपपुढं छत्री. छत्रीखाली साहेब. मी पायानं ब्रेक दाबला. काही नाही. हातानं दाबला. काही नाही. लोण्यावरून सुरी जावी तशी गाडी खाली निघाली.

"सरको! जरगंडी! बाजूला व्हाऽऽ!"

तिन्ही भाषांतलं नेमकं काय कळलं कोण जाणे, पण साहेब छत्रीसकट बाजूला झाले. मी त्यांच्यासमोरून सुसाट गेले, दगडांची वाट चुकवली आणि डावीकडच्या वाळूत पाणी उडवत घुसले. वाळूनं चाक धरलं. इंजिन उचकी देऊन बंद झालं. मग नुसता पाण्याचा आवाज, आणि माझ्या अंगावरून गळणारं पाणी.

साहेबांनी छत्री सरळ केली. "टीचरम्मा, तुम रोज ऐसाच आते?"

जीप त्या वाळूतून जाणं शक्य नव्हतं, ते त्यांनी आधीच पाहिलं होतं. पलीकडे चिखलातून पायी जायला ते तयार नव्हते. उरली माझी गाडी, आणि तिचं दर्शन त्यांना नुकतंच घडलं होतं. त्यांनी छत्री मिटली. "मैं जाता. रास्ता नहीं है बोल के लिख देता."

"रास्ता नहीं है तो मैं रोज़ किस पर से जाती हूँ?" माझा आवाज चढला होता. "सर, थोड़ा रुकिए. मैं ठीक करती हूँ. फिर बैठिए."

ते घड्याळाकडे बघत दगडावर टेकले. मी गाडी ओढून काठावर आणली, पिशवीतून पाने काढले. पोरांचा वर्ग त्या क्षणी माझ्या दोन हातांत होता, हे मला स्वच्छ कळत होतं. पुढच्या चाकाचा नट सोडला, आस ठोकून बाहेर काढला, चाक सुटलं. ब्रेकची थाळी अलगद हातात आली. थाळीत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेकशू असतात. ते फाकून चाकाला आतून घासतात, तेव्हा गाडी थांबते. दोन्ही चंद्रकोरी पिवळ्या. हळद आणि तिळाचं तेल. लग्नघराचा वास सुटला.

साहेब उठून जवळ आले, वाकले. "पसुपु?" ते तेलुगूत म्हणाले. म्हणजे हळद. "ब्रेक में पसुपु?"

 कामात राग उपयोगाचा नव्हता. डब्याच्या झाकणात टाकीतलं पेट्रोल काढलं. ब्रेकशू त्यात धुतले, नाल्याकाठच्या खरखरीत वाळूच्या दगडावर घासले, पुन्हा धुतले. घासताना वरचा गुळगुळीत थर जाऊन खालचा कोरडा, राखाडी पोत दिसू लागला. ते उन्हात तापलेल्या खडकावर ठेवले. चाकाचं पोट आतून पुसायला कोरडं काही नव्हतं. माझी ओढणी भिजलेली. मी साहेबांच्या खिशाकडे पाहिलं. पांढरा, इस्त्रीचा रुमाल होता.

"सर, वो रुमाल."

"ये?"

"हाँ. वापस नहीं मिलेगा."

त्यांनी दिला. मग मागचं चाक. साखळी उतरवायची, तणाव सोडायचा, तेच सगळं पुन्हा. ऊन खडकावरून सरकत होतं. नाला आपल्याशीच बोलत होता. कामाच्या मधे कधीतरी, कशी कोण जाणे, एक गुंगी यावी तशी शांतता आली. स्प्रिंग ओढून ब्रेकशू बसवताना बोट चिमटलं, तेही दुरून जाणवलं. साहेब आता घड्याळ बघत नव्हते. एक नट घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेला तो त्यांनी उचलला आणि हातात धरून ठेवला, मी मागेपर्यंत.

शेवटी प्लग काढून इंजिनातलं पाणी किक मारून उडवलं, प्लग वाळवला, बसवला. गाडी सुरू झाली.

साहेबांनी उताराकडे बोट केलं. "ऊपर से आ के दिखाव."

मी गाडी वर नेली. वळवली. खाली ते उभे होते, मुद्दाम वाटेच्या मधोमध. मी सोडली गाडी. निम्म्यावर दोन्ही ब्रेक दाबले. चूंऽऽऽ! इतका गोड मला तो आवाज कधी लागला नव्हता. मागचं चाक जरा घसरलं, सावरलं आणि गाडी त्यांच्या बुटांच्या अलीकडे थांबली.

त्यांनी वाकून पुढचं चाक पाहिलं. मग बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मागे बसले. दगडांच्या वाटेवर त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि माझ्या कानाशी सारखं एकच चाललं होतं, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा." हळू बाई, हळू.

वाडीत पोरं बसलेली होती. पुस्तकं नव्हती म्हणून मी त्यांना घरून आणलेल्या बाबांच्या जुन्या पत्रकांवर वाचायला शिकवलं होतं. सोनी नावाची एक चुणचुणीत मुलगी उठली आणि साहेबांकडे बोट रोखून खणखणीत वाचू लागली, "बंधूंनो, किती काळ झोपणार?" साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी मान डोलावली. सगळ्यांना वाचायला लावलं, पाट्या पाहिल्या. मी त्यांना परत आणून सोडलं. जीपमध्ये बसताना नुसतं म्हणाले, "देखेंगे." या एका शब्दात आमच्याकडे काय काय मेलेलं आहे, ते मी जाणून होते.

संध्याकाळी मी तशीच, चिखलाची, आबाजींपुढं उभी राहिले. "ब्रेकमध्ये तेल कुणी घातलं?"

"म्या."

"काऊन?"

"रडे ते. नाल्यातून आली का रडे. सांधे धरले तिचे, समजलं मले. फटीतून कोमट तेल सोडलं, रातभर मुरू देलं."

"आपण देव सोडले ना आबाजी? मग यंत्राची पूजा करायची?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही भलतंच बोलत असावे. "पूजा? म्या कव्हा पूजा केली व? पूजा पाटलीण करे, पोळ्याच्या दिशी, ताट घेऊन. तव्हा आमाले गोठ्यामांगं थांबा लागे, कोनाची सावली नको पडाले. आमचं काम आदल्या सांजचं. जू घासून खांदा सोललेला राहे, माशा बसत. मळलं का बैल मान टाकून दे हातावर. त्यात देव कुठं आला?"

बाहेर कुणाच्या तरी बैलांची घुंगरं वाजत होती. भिंतीवरचं एकही पत्रक मला मदतीला आलं नाही. पूजा आणि देखभाल यांच्यामधली रेघ मी इतकी वर्षं पुस्तकातून काढत होते. या माणसाच्या हातांवर ती जन्मभर होती, आणि ती मी फडक्यानं पुसून टाकली होती.

"चुकलं का पन?" त्यांनी हळूच विचारलं.

"चुकलं. ब्रेकला तेल चालत नाही."

"मंग चालते कुठं?"

मी कंदील घेतला. साखळी दाखवली, स्टँडचा खिळा, किकचा सांधा, क्लचची तार. ते प्रत्येक ठिकाणी बोट टेकवत गेले.

"आन तिथं काऊन नाई?"

"तिथं घासलंच पाहिजे. घासल्याबिगर ती थांबत नाही."

"अजब जनावर हाय," ते म्हणाले.

मग दिवस गेले. मी रोज नाला ओलांडत राहिले आणि रोज वाटे, हा कदाचित शेवटचा आठवडा. भादवा सरला. पाणी उतरत गेलं, दगडांची वाट आधी धूसर दिसली, मग स्वच्छ, मग तिच्यावर बगळे उभे राहू लागले. काशाच्या गवताला तुरे आले. मी पोरांना काही सांगितलं नव्हतं, पण पोरांच्या आयांना ठाऊक होतं. त्या मला बघून काही विचारायच्या बेतात येत आणि न विचारता घागर उचलून जात.

दसरा चार दिवसांवर असताना आबाजी माझ्यासोबत नाल्यापर्यंत आले होते. ते चालत, मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या शेजारून. काठावर एक बैलगाडी उभी होती. कचेरीचा शिपाई गाडीवानाबरोबर बिडी ओढत होता. गाडीत सुतळीनं बांधलेले गठ्ठे. मी जवळ गेले. वरच्या गठ्ठ्याचा कागद फाटला होता आणि आतून मराठी अक्षरं दिसत होती. पहिलीची, दुसरीची, तिसरीची पुस्तकं.

"साहेबांनी पाठवली," शिपाई म्हणाला. "म्हणाले, क्लास चालू राहते."

 मी गठ्ठे फटफटीवर लादले, टाकीवर, सीटवर, मागे, जिथं बसतील तिथं. माझ्यासाठी जागाच उरली नाही. इंजिन बंदच ठेवलं. मी हँडलच्या एका बाजूला, आबाजी दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही तिला ढकलत पाण्यात उतरलो. पाणी पोटरीएवढं होतं आणि उन्हानं कोमट झालेलं. मधोमध पोचलो तोच पलीकडच्या काठावरून पोरं दिसली. गाडीचा आवाज न येता गाडी येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. आधी थबकली, मग सोनीनं ओळखलं काय आहे ते, आणि सगळीच्या सगळी पाण्यात धावली. ज्याला जो मिळाला तो गठ्ठा डोक्यावर. टाकी मोकळी झाली, सीट मोकळी झाली. पोरं ओळीनं काठ चढू लागली आणि मीही त्यांच्यामागे निघाले, शेवटचा गठ्ठा छातीशी धरून. चार पावलं गेल्यावर मला गाडीची आठवण झाली. दगडांवर तिचा स्टँड लागत नाही.

मी वळून पाहिलं. आबाजी पाण्यात उभे होते, एक हात हँडलवर, एक टाकीवर.

"जाय तू," ते म्हणाले. "म्या धरून हावो तिले."